वाणात मागितलेली सही

माळवाडी, करमाडजवळ
५ जानेवारी २०२५

माझे प्रांजल,

आशीर्वाद शेवटी देते, आधी बातमी ऐक. तुझी आज्जी छापून आली! कार्डावर. कडक, गुळगुळीत कार्ड, वर शेळीचं चित्र आन् खाली 'सौ. आवडाबाई सोनाजी शिंगाडे, संचालक, पाचमाळ महिला शेळी-मेंढी उत्पादक कंपनी'. एवढं सगळं एका कार्डात मावलं, आन् मी पण मावले.

फोन का नाय केला म्हणशील. फोन तुझ्या बापाचा. तो मोठ्या आवाजात लावून मधी ठेवतो, मग तुझी आई बोलती, शेजारीण बोलती, मला बोलायचं ते पोटातच राहतं. कागदाचं बरं असतं, मधी कोणी तोंड घालत नाय. दुसरीपर्यंतची शाळा आता कामाला आली. पत्र बद्रीनाथाच्या जीपमधून पाठवते, तो रोज गारखेड्यावरून जातो. अक्षर वाकडं हाय, पण डोळा आता झकास हाय. तुझ्याकडं राहून ऑपरेशन केल्यापासून पलीकडच्या माळावरची शेळी कोणाची हे इथनं सांगते.

ही कार्डं आप्पासाहेबानं छापून आणली. तुला म्हाईत हाय, माझ्या चुलत दिराचा थोरला. आपण बायांनी शेळ्या-मेंढ्यांची कंपनी काढली तेव्हापासून कागदपत्राचं सगळं तोच बघतो. रस्त्याकडंची शेड त्यानंच उभी केली. पाऊस असो, ऊन असो, आम्ही तिथं जनावरं आणतो, डॉक्टर लस देतो, लोकर कातरणं होतं, आन् गप्पा तर विचारूच नको. आजूबाजूचे माळ कंपन्यांनी घेतले, आता बायांना जनावर घेऊन बसायला हक्काची तेवढीच जागा.

कार्ड कोणाला द्यायचं असतं हे मात्र कोणी सांगितलं नाय. मी एक भामाबाईला दिलं. ती पण संचालक, तिनं मला तिचं दिलं. मग दोन्ही संचालक नळावर घागरीवरून भांडल्या ते भांडल्याच.

आन् गंमत ऐक. आपली सही आता पेनानं होत नाय! एक कांडी असती, शिट्टीएवढी. कंप्युटरात खुपसली की झाली आवडाबाईची सही. ती बनवताना मला मोबाइलासमोर बसवून नाव विचारलं, मी नाव घेतलं उखाण्यात, तर ते पोरगं हसून हसून पडलं. कांडी काय मी नंतर बघितली नाय. आप्पासाहेब म्हणला, "काकू, तुम्हा सगळ्याजणींच्या कांड्या माझ्याकडंच असू द्या, तुम्हाला कशाला घोर?" किती करतो लेकरू!

तुझा आजा मेंढरं घेऊन गंगापूरकडं गेलाय, नदीच्या अंगाला. परवा एकाएकी एसटीनं दारात हजर. मला वाटलं माझी आठवण आली. कसलं काय, खुणेची सुरी न्यायला आला होता! कोकरं झालीत, त्यांच्या कानाला खूण करायची, आन् सुरी इथं खुंटीवर राहिली. म्हणले, निरोप दिला असता तर बद्रीनाथानं पोचवली नसती का? तर डोळे वटारून म्हणतो, "सुरी परक्या हाती? मग मेंढरंच देऊन टाक की." डाव्या कानाचं टोक कातरलेलं आन् खाली एक खाच, ही शिंगाड्यांची खूण. सुरी दुसऱ्याला दिली म्हणजे खुणेचा हक्क दिला, असं त्याच्या बापाचं, आज्याचं चालत आलेलं. चहा पिला, सुरी कमरेला खोचली आन् गेला. येडा माणूस. मी दिवसभर हसत होते.

तुझं ते मंडळ हाय ना, कंपन्यांनी नीट वागावं म्हणून तुम्ही शिकल्या लोकांनी काढलेलं, ते यंदा लहान कंपन्यांना बक्षीस देणार म्हणे. आप्पासाहेब तिथं आपली कंपनी सांगायला येणार हाय. तू त्या मंडळात खुर्चीवर, आन् आज्जीची कंपनी समोर! मला तर चैन पडंना. चारदा उठले हे लिहिता लिहिता.

आता घे आशीर्वाद.
आवडाबाई, संचालक (असं लिहायचं असतं ना?)


गारखेडा
१२ जानेवारी २०२५

आज्जे,

कार्ड मिळालं. आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंय.

काल मंडळात आप्पाकाका येऊन गेले. चांगलं बोलले. पडद्यावर तुझा मोठा फोटो दाखवला, कडेवर करडू घेतलेला. लोकांना आवडला.

मला काही विचारायचंय, घाईत नको, आठवून सांग. कंपनीची बैठक होते तेव्हा तुला बोलावणं येतं का? कोण येतं, काय ठरतं? तुझ्याकडून कधी काही वाचून घेतलं, विचारलं? शेडचं काही नवीन चाललंय का? आणि मी विचारलं हे आप्पाकाकांना सांगू नकोस. बाबांनाही नको.

मी ठीक आहे. झोप जरा कमी आहे. ऑफिसात वर्षअखेरीची कामं, आणि मंडळाचा पुरस्कार यंदा आमच्या समितीकडे. आम्ही कंपनी सेक्रेटरी लोक दुसऱ्यांच्या बैठका नीट झाल्या का हे बघण्यातच म्हातारे होतो.

उत्तर लवकर पाठव.
प्रांजली


माळवाडी
१६ जानेवारी २०२५

माझे बाई,

तिळगूळ बद्रीनाथाकडं दिलाय. त्यानं वाटेत खाल्ला असंल तर मला कळव, त्याच्या मिशीला तीळ चिकटतातच.

तुझं पत्र वाचलं आन् मी काय ते ओळखलं. आज्जीला कळत नाय असं समजू नको. आप्पासाहेबाला सांगू नको, बापाला सांगू नको, झोप नाय. कोणी पोरगा हाय ना? आन् आप्पासाहेबानं तिकडं येऊन त्याच्या मेव्हण्याच्या पोराचं स्थळ काढलं असंल, व्हय ना? त्यानं माझ्याजवळ पण काढलं होतं. मी म्हणले, आमची पोरगी कंपन्यांना ताब्यात ठेवती, तुमच्या पोराचं काय घेऊन बसलात. तू घाबरू नको. पोरगा कोणाचा, काय करतो, एवढं लिही. मेंढरं हायेत का घरी? नसली तरी चालंल.

फोटो मोठा दाखवला म्हणतेस. केवढा? भिंतीएवढा? करडू हलत होतं म्हणून माझा पदर सुटला होता, ते दिसलं का? भामाबाईला सांगितलं तर ती म्हणली, माझा का नाय दाखवला. म्हणले तुझ्या कडेवर करडू थांबत नाय, त्याला माणसं कळतात.

बैठकीचं विचारलंस. बैठक होती की. आप्पासाहेब म्हणतो, "काकू, बैठक कागदावर होती, तुमच्या गुडघ्याला तरास नको." पयल्या वर्षी एकदा आम्ही सगळ्या शेडात बसलो होतो, चहा झाला, नारळ फोडला. त्यानंतरच्या कागदावर झाल्या. चांगलं हाय, नाय तर शेळ्या सोडून कोण बसणार?

शेडात नवं काय म्हणशील, तर टेप घेऊन माणसं आली होती दोनदा. बूट घातलेले, डोक्यावर पिवळ्या टोप्या. लांबी मापली, रुंदी मापली, शेळ्यांना हाकललं. मला वाटलं रंग देणार असतील. भामाबाई म्हणती गोदाम होणार हाय, मोठ्या गाड्या लागणार. तिला काय, ती पावसाळ्यात सुद्धा दुष्काळ सांगती.

तुझ्या आज्याचा निरोप हाय की कोकरं झ्याक हायेत. तो बोलला तेवढंच. पण मला बाई दोन दिवस झाले बसवत नाय. चूल पेटवते, विझवते, दारात जाते. तुझ्या पत्रातलं ते 'घाईत नको' मला टोचतंय. माणूस घाईत नको म्हणतो तेव्हाच घाई असती.

नाव कळव त्याचं.
आज्जी


गारखेडा
२० जानेवारी २०२५

आज्जे,

मुलगा नाही. असता तर तुलाच आधी सांगितलं असतं. मी तुला अर्धंच सांगितलं, म्हणून तू भलतीकडे गेलीस. आता सगळं लिहिते.

त्या दिवशी आप्पाकाका मंचावर उभे राहून म्हणाले, "आमची खरी ताकद आमच्या संचालक. कोजागिरीच्या दिवशी बैठक झाली. आवडाकाकूंनी स्वतः ठराव मांडला की शेड रस्त्याकडेला आहे, ती गोदामासाठी लांब मुदतीनं भाड्यानं द्यावी. अशा तडफेनं बोलल्या की सगळ्या जणींनी टाळ्या वाजवल्या." हे ऐकून आमच्या सभागृहानंही टाळ्या वाजवल्या. आमच्या समितीच्या प्रमुख करुणा मॅडम, त्या कधी कुणावर खूश होत नाहीत, त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "हे खरं सुशासन."

आज्जे, कोजागिरीच्या दिवशी तू माझ्या घरी होतीस. डोळ्यावर हिरवं फडकं, वर काळा चष्मा. गॅलरीत बसून चाचपत शेंगा सोलत होतीस आणि टरफलं खालच्या काकांच्या डोक्यावर पडत होती. ठराव कुठला मांडतेस?

मला हे तिथंच कळलं. आणि मी गप्प बसले. टाळ्यांत माझेही हात होते.

का गप्प बसले ते सांगते. ती कांडी म्हणजे तुझी सही. कायद्याला तू दिसत नाहीस, ती कांडी दिसते. ती खुपसून जे जे केलं असेल ते तू केलंस. मी उठून खोटं आहे म्हणाले असते, तर पहिली खोटी तू ठरली असतीस, आप्पाकाका नंतर. शिवाय बाबा त्यांच्याच टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. तेही मनात आलं. आलं हे खरं.

शेडचा दस्त अजून झालेला नाही, असं ते स्वतःच म्हणाले. ठराव कागदावर आहे, दस्त व्हायचाय. तो झाला की पुढची कित्येक वर्षं त्या शेडमध्ये तुमची एक शेळी बसू शकणार नाही. तुझ्याच सहीनं.

मी ऑफिसात बसते तर वाटतं घरी जावं, घरी येते तर वाटतं जीप धरून तुझ्याकडे यावं. मंडळाला सांगायचं तर तुझं नाव, न सांगायचं तर कसलं मंडळ? कपाट आवरायला काढलं आणि तसंच टाकलंय. तू सांग. तुला शेड द्यायची आहे का? खरंच द्यायची असेल तर मी एक शब्द बोलणार नाही.

प्रांजली


माळवाडी
२७ जानेवारी २०२५

प्रांजल माय,

तुझं पत्र मी एकटीनं वाचलं, गोठ्यात. मग परत वाचलं. मला शेड द्यायची नाय. कधीच द्यायची नव्हती. आन् मी तडफेनं बोलले म्हणे! मी तर तडफेनं शेंगा सोलत होते.

राग आधी आला नाय. आधी हसू आलं, माझं मलाच. आज्याला येडा म्हणले ना मी? सुरीसाठी एवढ्या लांबून एसटीनं आला म्हणून हसले ना दिवसभर? आन् इथं माझी सुरी दुसऱ्याच्या घरात, मेंढरं मापून झाली, कान कातरायचे तेवढे राहिले. खुंटीकडं बघितलं तर खुंटी रिकामी. मग बसवंना. उभ्यानं भाकऱ्या थापल्या.

मागायची कशी ह्याचा विचार केला. आप्पासाहेबाला गाठून मागितली असती तर "काकू, आज नाय, उद्या, सर्व्हर बंद हाय" असं काहीबाही म्हणला असता. तो सर्व्हर नेहमी बंदच असतो. तेवढ्यात त्याच्या बायकोचं, शालूचं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. देवानंच पाठवलं.

भामाबाईला घेतलं. वाटेत सगळं सांगितलं. ती म्हणली, "तरी मी म्हणत होते गोदाम." मी म्हणले, "व्हय, यंदा तुझा दुष्काळ खरा निघाला." बाकीच्या संचालक बाया तिथं आल्याच होत्या.

शालूनं घर झकास सजवलं होतं. हलव्याचे दागिने तिच्या नव्या सुनेच्या अंगावर. कुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला, आन् वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, झाकणाचे, निळे. माझ्या हातात डबा दिला तसा मी परत तिच्या हातात ठेवला.

म्हणले, "शालू, डबे घरी लई हायेत. मला येगळं वाण दे."

"काय देऊ काकू? साडी आणली असती, आधी बोलायचं."

"माझी सहीची कांडी दे."

सगळ्यांचे हात थांबले. एक पोर तेवढं हलवा चघळत होतं.

शालू हसली. "ते यांचं काम हाय, काकू. मला त्यातलं काय कळतं?"

"मला पण कळत नाय. पण माझी हाय एवढं कळतं. संक्रांतीचं वाण सवाष्णीनं तोंडानं मागितलं, आता देती का नाय म्हणती, तेवढं सांग."

भामाबाई लगेच, "मला पण तेच वाण." मग तिसरी, मग सगळ्याच. "आम्हाला डबा नको, कांडी दे."

आप्पासाहेब बाहेर ओट्यावर होता. आवाज ऐकून दाराशी आला. पण बायांचं हळदीकुंकू, आत पाय कसा टाकणार? उंबऱ्याबाहेरनं म्हणला, "काकू, हे काय काढलं? उद्या ऑफिसात या, निवांत बोलू."

मी म्हणले, "आप्पासाहेब, तू बाहेर थांब. हे बायांचं चाललंय."

शालूनं त्याच्याकडं बघितलं, मग सुनेकडं, मग आमच्या भरल्या कपाळांकडं. नव्या सुनेसमोर वाण नाकारलं असं वर्षभर गावात झालं असतं. ती उठली, टीव्हीखालच्या कपाटातनं स्टीलचा डबा काढला. आत सगळ्याजणींच्या कांड्या, प्रत्येकीला दोरा आन् नावाची चिठ्ठी. आम्ही काय शेळ्या होतो का चिठ्ठ्या बांधायला! तिनं प्रत्येकीच्या ओंजळीत एकेक ठेवली, वर तिळगूळ. बिचारीचा काय दोष? मी तिला जवळ घेतलं आन् निळा डबा पण घेतला, तिला बरं वाटावं म्हणून. कांडी त्याच डब्यात आणली.

दाराशी आप्पासाहेब तुझ्या बापावर आला, हळूच म्हणला, "काकू, रामप्रसादाच्या टेम्पोचं काय करायचं मग?" मी त्याला तिळगूळ दिला. म्हणले गोड बोल.

पण घरी आल्यावर कांडी घेऊन घरभर फिरले. ही कांडी आता ठेवू कुठं? घरात पोरंटोरं, उंदीर. म्हणून तुझ्याकडं पाठवते, ह्याच पाकिटात, बद्रीनाथाला खाकी कागदात बांधून दिली. तू माझी नात, शिकलेली, कायद्यातली. तू ठेव. तुला वाटंल तिथं सही कर, मला विचारायची गरज नाय. आता मी निवांत झोपते.

तुझी आज्जी


गारखेडा
३ फेब्रुवारी २०२५

आज्जे,

कांडी परत पाठवते आहे. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

खाकी कागद उघडला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. आता आज्जी माझ्या हातात सुरक्षित, असं. ऑफिसात घेऊन गेले आणि ठेवायला ड्रॉवर उघडला. त्या ड्रॉवरमध्ये एक डबी आहे. तिच्यात आमच्या कंपनीच्या सगळ्या संचालकांच्या कांड्या आहेत. चिठ्ठ्या लावलेल्या. आमचे मोठे साहेब म्हणतात, "प्रांजली, तुझ्याकडेच असू देत, आम्हाला कुठे वेळ?" मी नोकरीला लागले तेव्हापासून ती डबी माझ्याकडे. त्यांना फोनवर विचारते, कधी नुसता मेसेज टाकते, आणि खुपसते. इतक्या जणांचं असंच चालतं की मला ते कधी दिसलंच नव्हतं. तुझी कांडी हातात धरून त्या डबीसमोर मी कितीतरी वेळ उभी होते. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, तब्येत बरी आहे ना?

आज्जे, तू लिहिलंस, "मला विचारायची गरज नाय." हेच मला नको. आप्पाकाकांनाही तू हेच सांगितलं होतंस.

मी मंडळात गेले आणि समितीला सगळं सांगितलं. ती बाई माझी आज्जी आहे, त्या दिवशी ती माझ्या घरी होती, मी टाळ्या वाजवल्या, आणि आता मी या निवडीतून बाहेर पडते. करुणा मॅडम रागावल्या. माझ्यावर, आप्पाकाकांवर, स्वतःच्या डोळ्यांतल्या पाण्यावर. मग कोणीतरी म्हणालं की बिचाऱ्या अडाणी बायकांच्या सह्या असं कोणी ठेवून घेतं का, केवढा हा अन्याय. तेव्हा मी माझ्या ड्रॉवरचं बोलले. दोघातिघांनी आपापल्या बॅगा मांडीवर घेतल्या. पाचमाळचं नाव यादीतून काढलंय. बाकी काय होईल माहीत नाही.

मी डबीतली एकेक कांडी ज्याची त्याला नेऊन दिली. मोठे साहेब म्हणाले, "एवढा विश्वास नाही का आमच्यावर?" मी म्हणाले, तुमच्यावर आहे, कांडीवर नाही. सध्या माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही. नोकरीचं महिनाभरात कळेल. रात्री कूस बदलत पडते, पण ते वेगळं. आधी वाटायचं काहीतरी झाकलंय. आता फक्त भीती वाटते.

आता तू करायचं ते. करमाडच्या कंप्युटर केंद्रातल्या श्रेयाकडे जा, कांडीचा पासवर्ड बदलून घे. तो कोणाला सांगू नकोस, मलासुद्धा. मग तुम्ही सगळ्या संचालकांनी खरी बैठक बोलवा, शेडात, आठवडाभर आधी प्रत्येकीला आणि आप्पाकाकांनाही कळवून. त्यांना टाळून नको. शेडचा विषय सगळ्यांसमोर मांडा आणि हात वर करा. कांडी घरी तुझ्या नजरेसमोर ठेव.

बाबांचं काय झालं? फोनवर ते नीट सांगत नाहीत.

तुझी
प्रांजली


माळवाडी
२३ फेब्रुवारी २०२५

माझे प्रांजल,

कांडी परत आली तेव्हा मी लई चिडले होते. म्हणले एवढी शिकवली, आन् आज्जीचं एवढंसं ओझं झालं नाय. रुसून पत्र लिहिलं नाय. मग राग गेला, पण तवर बैठकीच्या गडबडीत राहिलं.

तुझ्या बापाचं खरं सांगते. आप्पासाहेबानं टेम्पोची चावी काढून घेतली. आता बद्रीनाथ आजारी असला की त्याची जीप चालवतो, नाय तर शेंद्र्याच्या कारखान्यांच्या गेटावर जाऊन काम विचारतो. चार दिवस माझ्याशी बोलला नाय. पाचव्या दिवशी म्हणला, "माय, तुझ्या कांडीपायी माझी चावी गेली." म्हणले, "व्हय बाबा, गेली." जेवण वाढलं. जेवला.

पासवर्ड बदलला. श्रेया गुणाची पोर, मी आकडं-अक्षरं दाबताना तोंड भिंतीकडं करून बसली. कोणाला सांगू नको म्हणलीस, तर सांगणार नाय. तुझ्या लहानपणीच्या त्या लंगड्या शेळीचं नाव हाय, एवढंच सांगते. आता तुला कळलंच असंल. हात तिच्या! उद्या परत बदलते. तिला दुसऱ्यांदा तोंड फिरवावं लागणार.

आता बैठक. शेडात घेतली, सगळ्याजणी शेळ्या घेऊन आल्या, कारण घरी कोण बघणार? आप्पासाहेब पण आला. मला वाटलं होतं येणार नाय. एका कोपऱ्यात खुर्चीवर बसला, एक करडू त्याच्या बुटाची लेस खात होतं. मी त्याला विचारलं, गोदामाचं काय ते सांग, सगळ्यांना ऐकू दे. त्यानं सांगितलं. रस्ता मोठा होतोय, शेड रिकामी पडण्यापरीस कामाला येईल, असं. खोटं काय बोलला नाय ह्या वेळी. नीट समजावून बोलला. आधीच असं बोलला असता तर काय झालं असतं, प्रांजल?

मग मी उठले. म्हणले शेड द्यायची नाय. आपण उन्हात बसायचं आन् गाड्यांनी सावलीत, हे मला मंजूर नाय. पुढं काय काय बोलले आठवत नाय, पण लांब बोलले. तुझा आजा आदल्याच दिवशी कळप घेऊन आला होता, तो दाराशी काठी टेकून ऐकत होता.

आन् बोलून खाली बसते तर भामाबाई उठली! माझ्याच बाजूची, वाण मागताना माझ्याच मागं. म्हणती, "द्यायची. माझ्या पोरीला तिथं काम मिळंल, घराजवळ. शेळ्या झाडाखाली बसतील, आपल्या सासवांच्या नाय का बसल्या?" मी म्हणले, "कुठलं झाड? तोडली की सगळी." ती म्हणली, "तुझी नात खुर्चीवर बसती, माझ्या लेकीनं कुठं बसावं?" अशा भांडलो की शेळ्या बाहेर पळाल्या. मला तिचं बोलणं लागलं. खोटं नव्हतं ना.

हात वर केले. माझ्या बाजूनं एक हात जास्त झाला. शेड राहिली. पण अर्धी शेड गोदामाला द्यावी का, ह्याचा विचार पुढच्या बैठकीत करू, असं मीच म्हणले, भामाबाईच्या पोरीकडं बघून. आप्पासाहेब जाताना म्हणला, "काकू, कागदावर सोपं असतं." म्हणले, "व्हय, लेकरा, कागदावर करडू लेस खात नाय."

घरी आलो तर आज्यानं सुरी खुंटीला लावली. शेजारी माझी कांडी, लाल दोऱ्यात. तो बघत राहिला. म्हणला, "ही काय?" म्हणले, "ही माझी." मान हलवली आन् तंबाखू काढली. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाय.

तुझ्या नोकरीचं कळव, जसं कळंल तसं. वाईट कळलं तर इकडं ये, पुढच्या बैठकीत आम्हाला भांडायचं नीट कसं ते तरी सांग. भामाबाई अजून बोलत नाय, सकाळी नळावर माझी घागर मात्र तिनंच पुढं सरकवली.

आन् तुझ्या मंडळातल्या त्या करुणा बाईंना एक सांग. कोजागिरीला मी नव्हते तर म्हणे लई छान बोलले आन् सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्या वेळी मी होते, माझ्या तोंडानं बोलले, आन् एकीनं सुद्धा टाळी वाजवली नाय.

घरी येईपर्यंत बाई मला हसू आवरत नव्हतं.

आशीर्वाद, ह्या वेळी शेवटी पण, आधी पण.
आवडाबाई